सात अक्षरं हातात असतात, पण मोठा शब्द दिसत नाही. नजर कशी बसवायची?

सांगलीकर

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ, खेळणाऱ्या मंडळींना विचारायचं आहे. आमच्याकडे दर रविवारी जेवणं आटोपली की बोर्ड मांडला जातो. मी, शेजारच्या वहिनी आणि इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा. दीड वर्ष झालं खेळतोय. चार अक्षरी, पाच अक्षरी शब्द मला पटापट दिसतात. त्यापुढे गाडी जात नाही. भाचा मात्र प्रत्येक डावात एकदा तरी रॅकवरच्या सातही टाइल्स एकदम लावतो आणि 50 गुण जादा घेऊन जातो. मला दीड वर्षात ते दोनदा जमलंय, तेही 'रीडिंग'सारख्या सरळ शब्दावर.

गेल्या रविवारी पहिली खेळी माझी होती. अक्षरं आली ए, ए, बी, ई, एल, एस, टी. मला लगेच 'टेबल्स' दिसलं. टी चौथ्या घरात ठेवला म्हणजे त्याचे दुप्पट, मधल्या चांदणीमुळे सगळ्या शब्दाचे दुप्पट, एकूण 18. मी खूश. एक ए हातात उरला. डाव संपल्यावर भाच्याने तीच सात अक्षरं फोनमधल्या ॲपमध्ये टाकली आणि म्हणाला, "मावशी, या सातांचे पूर्ण सात अक्षरी दोन शब्द होतात. दोन्हींचे 74." मी त्याला म्हटलं, शब्द सांगू नकोस, मी शोधते. आज गुरुवार. सात चौकोन कापून पतसंस्थेतल्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेत, गिऱ्हाईक नसलं की हलवून बघते. अजून एकही सापडलेला नाही.

मी सगळं शिक्षण मराठी माध्यमातून घेतलं. इंग्रजी वाचते, पण शब्दसंग्रह बेताचा. हे मुळात शब्दसंग्रहाचंच काम आहे, की अक्षरं जुळवण्याची काही वेगळी रीत असते? ॲप वापरावं का? प्लीज अनुभवावरून सांगा.

पॉलिटेक्निकवाला

दोनांतला एक शब्द मी 22 वर्षं फळ्यावर लिहीत आलोय, म्हणून राहवत नाही. नको असेल तर पुढची ओळ वाचू नका.

ए-एस-टी-ए-बी-एल-ई. अस्टेबल. 555 टायमर घेऊन डिप्लोमाची पोरं जो लुकलुकणारा दिवा बनवतात, ते अस्टेबल मल्टिव्हायब्रेटर सर्किट. चालू किंवा बंद, कोणत्याच स्थितीत ते स्थिर राहत नाही, म्हणून हे नाव. 74 कसे ते बघा. पहिला ए चांदणीवर ठेवला की बी बरोबर बाराव्या घरात, दुप्पट अक्षराच्या घरात पडतो. अक्षरांचे 9, बीचे जादा 3, झाले 12. चांदणीमुळे 24. वर 50.

हा शब्द मला दिसला तो सर्किटमुळे, कुठल्या रीतीने नाही. त्यामुळे तुमच्या मूळ प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसरा शब्द मलाही दिसत नाहीये.

खिळेजुळारी

ताई, मी गिरगावातल्या एका छापखान्यात 1974 साली लागलो आणि हाताने खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवणं बंद पडेपर्यंत तेच काम केलं. शिक्षण मॅट्रिक, मराठीतून. इंग्रजी कामं मात्र भरपूर असायची. कंपन्यांची लेटरहेडं, वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका. निम्म्याहून जास्त मजकुराचा अर्थ मला कळायचा नाही, पण अक्षर चुकायचं नाही. आमचे मुद्रितशोधक वसईचे होते. दुपारच्या सुट्टीत डबा झाला की ते स्क्रॅबलचा बोर्ड काढायचे. पहिलं वर्षभर मी हरलो. पुढे आम्ही बरोबरीने खेळायला लागलो, आणि त्यांचं इंग्रजी माझ्या दसपट होतं.

म्हणून आधी हे सांगतो की इंग्रजी कच्चं असल्याचा धसका काढून टाका. या खेळात बोलता येण्याला महत्त्व नाही, अक्षरं हाताखालून किती गेली याला आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. 2024 मध्ये त्याने तेच स्पॅनिशमध्ये केलं.

आता हाताखालून जाणं म्हणजे काय. पुस्तक छापून झालं की खिळे परत केसमध्ये, म्हणजे घरं पाडलेल्या पेटीत, ज्याच्या त्याच्या घरात सोडावे लागायचे. डाव्या हातात तीन-चार ओळी धरायच्या. उजव्या हाताने एक शब्द चिमटीत उचलायचा, मनात वाचायचा आणि अंगठा सरकवत एकेक अक्षर घरात टाकायचं. टक, टक, टक. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं. त्यामुळे ओळ डोक्यावर उभी धरून वाचायची सवय. एनचा यू दिसायचा, बीचा पी. गल्लत होऊ नये म्हणून अंगठ्याने खिळ्याच्या कडेची खाच चाचपायची, म्हणजे तो कुठून सरळ ते कळायचं. दिवसाला असे हजारो शब्द आम्ही मोडायचो. माझी पक्की समजूत आहे की शब्द जुळवताना जितका ओळखीचा होतो त्याहून जास्त मोडताना होतो. त्यात कोणती अक्षरं होती हे मोडणाऱ्याच्या हातात राहतं.

तुम्हीही मोडायला शिका. रोज पाच शब्द घ्या, ओळखीचेच. त्यांची अक्षरं ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर लिहा, मागे मूळ शब्द. तुमची सात अक्षरं तुम्ही नकळत त्याच क्रमाने लिहिली आहेत: ए, ए, बी, ई, एल, एस, टी. हा त्या अक्षरांचा कायमचा पत्ता समजा. पुन्हा कधी ही सात हातात आली की आधी या पत्त्यावर उभी करायची, आत कोण कोण राहतं ते आठवेल. स्पर्धेत खेळणारे असंच करतात.

खेळताना मात्र क्रमाने लावून थांबू नका. तुम्हाला 'टेबल्स' दिसलं आणि मग काहीच दिसेना, याचं कारण 'टेबल्स'च आहे. एकदा डोळ्याने शब्द वाचला की ती अक्षरं एकमेकांना चिकटतात. त्यांना सोडवावं लागतं. मी टाइल्स रॅकवरून काढून टेबलावर गोल मांडतो, घड्याळासारख्या. गोलाला सुरुवात नसते, त्यामुळे डोळा कुठूनही शिरतो. तेवढ्यानेही नाही झालं तर रॅकच उलटा फिरवतो, अक्षरं डोक्यावर उभी करतो. ही माझी छापखान्यातली खोड आहे, सगळ्यांना मानवेल असं नाही.

आणि शेपटं बघा. इंग्रजीतले लांब शब्द शेपटावर वाढतात. आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी, आय-ओ-एन, ए-बी-एल-ई, ए-टी-ई. हातात शेपूट दिसलं की ते उचलून उजव्या बाजूला लांब ठेवायचं आणि उरलेल्या तीन-चार अक्षरांकडेच बघायचं. सातांपेक्षा तीन अक्षरं डोक्याला सोपी. एस असेल तर तो शेपटाच्याही पलीकडे, अगदी कडेला. पॉलिटेक्निकवाल्यांचा शब्द ए-बी-एल-ई या शेपटाचा आहे, सर्किट माहीत नसतं तरी ए-एस-टी एवढंच उरलं असतं. दुसरा शब्द मला सापडला आहे. सांगत नाही, कारण तुम्हाला तो शोधायचा आहे. एस कडेला ठेवा आणि वरची शेपटं एकेक करून लावून बघा. क्रियापद आहे.

एस कधीही उगाच खर्चू नका. 100 टाइल्समध्ये ई 12 आहेत, ए आणि आय प्रत्येकी 9, पण एस फक्त 4. हा खेळ बनवणारा आल्फ्रेड बट्स वास्तुविशारद होता. 1930 च्या दशकातल्या मंदीत त्याचं काम गेलं, तेव्हा वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्याने मोजलं आणि त्यावरून टाइल्सची संख्या आणि गुण ठरवले. एस मात्र मुद्दाम कमी ठेवला, नाहीतर जो तो अनेकवचन करत सुटला असता. हे मला कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता, कारण आमच्या इंग्रजी केसमध्येही तोच हिशेब. ईचं घर सगळ्यात मोठं आणि हाताशी, क्यू-झेड कोपऱ्यात चिमूटभर.

शब्दसंग्रहाचं म्हणाल तर तो तुमच्या घरात आहे. कॉलिन्सच्या यादीत, म्हणजे भारतातल्या स्पर्धांत जी चालते त्या यादीत, आपले शब्द किती आहेत ते एकदा काढा. जे-ओ-डब्ल्यू-ए-आर, ज्वारी, नुसत्या अक्षरांचे 15. पी-यू-जे-ए, पूजा, 13. के-एच-ए-डी-आय, खादी, 13. एल-ए-के-एच, लाख, 11. जे, के, एच अशी अडचणीची अक्षरं आपल्या शब्दांत सहज खपतात, आणि ही अक्षरं हातात आली की इंग्रजी माध्यमवाल्यालाही घाम फुटतो.

आता या शब्दांची अदलाबदल बघा, मला याचं अजून नवल वाटतं. टी-ओ-एल-ए म्हणजे तोळा. तीच चार अक्षरं फिरवली की एल-ओ-टी-ए, लोटा. आणखी फिरवली की ए-एल-टी-ओ, गाण्यातला आल्टो. ए-एन-एन-ए म्हणजे जुना आणा, त्यातूनच एन-ए-ए-एन, नान, आणि एन-ए-एन-ए, नाना. आर-ए-आय-टी-ए, रायता, त्यातून निघतो टी-आय-ए-आर-ए, राणीच्या डोक्यावरचा टियारा. आर-वाय-ओ-टी ही आपली रयत. तिच्यातून टी-वाय-आर-ओ निघतो, म्हणजे नवशिका, आणि टी-ओ-आर-वाय, विलायतेतला टोरी. एस-ई-पी-ओ-वाय हा शिपाई, त्याची अक्षरं हलवली की पी-ओ-ई-एस-वाय, काव्य. एल-ए-एस-सी-ए-आर म्हणजे बोटीवरचा खलाशी, आमच्या रत्नागिरीकडचे कितीतरी जण त्या नोकरीवर गेले. त्याच सहा अक्षरांत आर-ए-एस-सी-ए-एल हा लबाड आहे आणि एस-सी-ए-एल-ए-आर हा विज्ञानाच्या पुस्तकातला शब्दही आहे.

तुमच्या त्या सातांतही ही गंमत होती. ई बाजूला ठेवा. उरलेल्या सहांचा बी-ए-एस-ए-एल-टी होतो, बसॉल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा दगड. तीच सहा फिरवली की टी-ए-बी-एल-ए-एस, तबले. तुम्हाला टेबल दिसलं, पण तबला त्याच्या शेजारीच होता. पुढच्या वेळी इंग्रजी शब्द सुचेना की आधी घरातले आठवा, स्वयंपाकघरापासून सुरुवात करा.

ॲपबद्दल एवढंच म्हणेन की डाव चालू असताना नको. डाव संपल्यावर जरूर वापरा, भाच्याने केलं तसं. आपल्याला काय दिसलं नाही हे त्याच दिवशी कळलं तर ते लक्षात राहतं.

मेलबर्नहून

खिळेजुळारी काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी इथल्या एका क्लबात आठवड्यातून एकदा खेळते. त्यांच्या म्हणण्यात एक भर घालते, आणि एका बाबतीत थोडं वेगळं मत आहे.

भर अशी की हातात काय उरतं ते प्रत्येक खेळीला बघा. 'टेबल्स' लावून एक ए उरला, म्हणजे पुढच्या सहा टाइल्स नशिबावर. त्याऐवजी ई, आर, एस, टी, ए, आय, एन यांतली तीन-चार अक्षरं हातात राखून ठेवली तर पुढच्या खेळीला सात अक्षरी शब्द होण्याची शक्यता खूप वाढते. ही सातही एकदम आली तर 'रिटेन्स', 'रेटिनाज', 'नॅस्टिअर', 'स्टेनर' असे बरेच शब्द होतात. दोन-तीन गुण कमी घेऊन चांगली अक्षरं मागे ठेवणं मला फार उशिरा जमलं.

वेगळं मत असं की सगळं लक्ष सात अक्षरी शब्दांवर नको. दोन अक्षरी शब्दांची यादी आधी पाठ करा, ती छोटी आहे. क्यू-आय, झेड-ए, एक्स-आय, जे-ओ. झेड तिप्पट अक्षराच्या घरात असा बसवा की आडवाही झेड-ए होईल आणि उभाही. आडव्याचे 30 अधिक 1, उभ्याचेही तेवढेच, एकूण 62, आणि तुम्ही टाइल्स लावल्या जेमतेम दोन. क्यू आला की यूची वाट बघत बसू नका, क्यू-आय लावून मोकळ्या व्हा.

शब्दकोडं_रोज

विषय निघालाच आहे तर विचारतो, मराठीत असा खेळ कुणी घरी केलाय का? मी मुलीसाठी पुठ्ठ्याच्या टाइल्स केल्या होत्या. नुसत्या काना-मात्रा नसलेल्या शब्दांपुरतं छान चालतं, गरमचा मगर होतो, कलमचं कमल होतं. काना वेगळा कापला तर त, व आणि काना यांत तवा, ताव आणि वात असे तिन्ही निघतात, मुलगी यावर खूप रमली. अडलं ते वेलांटीपाशी. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लावायची आणि नंतर उच्चारायची, ती टाइल ठेवायची कुठे? जोडाक्षरांचं तर विचारूच नका. ळ आणि ण ला मी जास्त गुण दिले होते. पण तिला ते दोन्ही पटापट वापरता यायला लागले, कारण आमच्या घरी कुळीथ, बाळ, पाणी, लोणी हे शब्द दिवसभर चालू असतात. मग गुण कमी करावे लागले.

खिळेजुळारी

शब्दकोडं_रोज, म्हणूनच मराठी जुळणीच्या केसमध्ये इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त घरं लागायची. वेलांटीसकट अक्षर ही एकच टाइल करा. टाइल्स वाढतील, पण खेळ अडणार नाही. गुण ठरवायला मुलीलाच एका वर्तमानपत्राच्या पानावरची अक्षरं मोजायला लावा. बट्सने तेच केलं होतं.

सांगलीकर

सापडला!

काल रात्री भाकऱ्या थापून झाल्यावर ओट्यावरच चौकोन मांडले. काकांनी सांगितल्याप्रमाणे एस कडेला. आय-एन-जी होणार नव्हतं, आयच नाही. ई-डीचंही तसंच. ई-एस-टीला एस लागतो, तो तर कडेला ठेवलेला. ए-बी-एल-ई पॉलिटेक्निकवाल्यांच्या शब्दात गेलं होतं. राहिलं ए-टी-ई. ते उजवीकडे सरकवलं आणि उरलेल्या तिघांकडे बघितलं, ए, बी, एल. तीन अक्षरं, बस. ए-बी-एल, ए-टी-ई, एस. एब्लेट्स. असा शब्द असतो का हेही मला माहीत नव्हतं. नुसता कानाला शब्दासारखा वाटला. शब्दकोश उघडला तर आहे! वितळवून किंवा झिजवून वरचा थर काढून टाकणं. आणि तिसऱ्या घरापासून लावला की बी चौथ्या घरात येतो, दुप्पट. मग हिशेब तोच, 74. लगेच भाच्याला फोन केला, साडेदहा वाजले होते, तो अभ्यासाला बसला होता. "बरोबर मावशी," म्हणाला, "पण तुम्ही नियम ठरवून शोधलात का?" मी म्हटलं, हो, शेपूट धरून.

खरं सांगू का, चार दिवस मी त्या सात अक्षरांत मला ठाऊक असलेलाच शब्द शोधत होते, आणि हा ठाऊकच नव्हता. न ठाऊक असलेला शब्दही अक्षरांतून असा वर येऊ शकतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. काका, मनापासून धन्यवाद. मेलबर्नहून ताई, दोन अक्षरी शब्दांची यादी आज लिहून काढली, फ्रिजवर लावली आहे. वहिनींनाही एक प्रत दिली, नाहीतर त्या रागावतील.

आता घरातले शब्द काढायला बसलेय. धान्याच्या डब्यांपासून सुरुवात केली. ज्वारी झाली. टी-आय-एल, तीळ, आहे. आर-ए-जी-आय, नाचणी, आहे. काका, बाजरीचं स्पेलिंग कसं चालतं, शेवटी ए की आय?

खिळेजुळारी

दोन्ही चालतात. बी-ए-जे-आर-ए पण, बी-ए-जे-आर-आय पण, दोन्हींचे 14. शेवटी दोन ई लावून बी-ए-जे-आर-ई-ई सुद्धा आहे, त्याचे 15. हातात कोणता स्वर जास्त झालाय ते बघून लावा.